येरवड्यापासून घाटमाथ्यापर्यंत : सह्याद्रीतील शैवाके

सह्याद्रीत कोणते शैवाक कुठे वाढेल हे उंचीपेक्षा पाऊस ठरवतो. हिमालयात पायथ्यापासून वर चढत गेले की उंचीबरोबर जातींचे पट्टे बदलत जातात. महाराष्ट्रात मात्र सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरवर संपते. झाडे मागे पडून नुसता थंड खडक उरावा इतकी उंची इथे नाहीच. इथली विभागणी आडवी आहे. कोकणातून घाटमाथ्यावर आणि घाटमाथ्यावरून पूर्वेच्या पठाराकडे जाताना ती लक्षात येते. या आडव्या रेषेच्या कोरड्या टोकाकडे पुणे आहे आणि पुण्याच्या पूर्व अंगाला येरवडा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या ताम्हिणी आणि महाबळेश्वरला तोच आकडा पाच-सहा हजारांच्या घरात जातो. शैवाकांच्या शोधात येरवड्यातून पश्चिमेला निघणारा माणूस एका दिवसात इतके वेगवेगळे अधिवास पाहू शकतो, म्हणून हे काम करणाऱ्यांना पुणे सोयीचे वाटत आले आहे.

बुरशी आणि शैवल एकत्र राहून शैवाक तयार होते. बुरशी बांधा देते, पाणी धरून ठेवते. शैवल किंवा नील-हरित जीवाणू उन्हात अन्न तयार करतात. ही जोडी स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली, तेव्हा त्या काळचे मोठे शैवाकतज्ज्ञ विल्यम निलँडर यांनी ती धुडकावली. याच निलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाके आणि शहरी हवा यांचा संबंध अचूक ओळखला होता. एका बाबतीत अचूक असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत किती हट्टी असू शकतो, याचा हा नमुना. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या थरात आणखी एक यीस्टसारखी बुरशी दाखवली, तेव्हापासून ‘जोडी’ हा शब्दही थोडा सैलच वापरावा लागतो.

अधिवासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. शैवाकाला मूळ नसते आणि पानावर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाऊस, धुके, धूळ, धूर जे अंगावर येईल ते सगळे अंगभर शोषले जाते आणि उन्हात शैवाक तितक्याच झटपट सुकते. सुकलेले शैवाक मेलेले नसते. एप्रिलमध्ये येरवड्यातल्या एखाद्या आंब्याच्या बुंध्यावर राखाडी, निर्जीव दिसणाऱ्या चकतीवर फवाऱ्याने पाणी मारले, तर काही सेकंदांत तिच्यातून हिरवा रंग उमटतो. वरचा थर ओला होऊन पारदर्शक होतो आणि खालचे शैवल दिसू लागते. नवख्याला शैवाक आणि सालीवरचा डाग यांतला फरक शिकवायचा तर याहून सोपा मार्ग नाही.

वाढ फार सावकाश असते. खडकाला चिकटलेल्या खपलीसारख्या जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात, पानासारख्या पसरणाऱ्या जाती काही मिलिमीटर. बुंध्यावरचा तळहाताएवढा तुकडा वीस-पंचवीस वर्षांचा असू शकतो. नमुना घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, म्हणजे हात आपोआप आखडतो.

येरवड्याची जमीन आणि दगड दख्खनच्या पठाराचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. त्याच काळ्या पाषाणात इथली जुनी बांधकामे उभी राहिली. डेक्कन कॉलेजची इमारत १८६० च्या दशकातली, मध्यवर्ती कारागृह १८७१ चे. बेसाल्टचा उघडा कातळ उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात चार महिने भिजतो. ही ओढाताण सोसणाऱ्या जाती थोड्याच: काळसर-तपकिरी खवल्यांची पेल्टुला, नारिंगी ठिपक्यांची कॅलोप्लाका, अशा काही. कॅलोप्लाकाचा नारिंगी रंग वरच्या थरातल्या रंगद्रव्याचा असतो आणि तो प्रखर उन्हापासून बचाव करतो. चुन्याची दरज, जुना गिलावा, सिमेंटचे कठडे यांच्यावर वेगळ्या जाती येतात, कारण तिथे आम्लता नसते. एकाच भिंतीत दगडावर एक आणि दगडांमधल्या चुन्यावर दुसरे शैवाक असे चित्र दिसते. रंगाचा एक हात दिला की दोन्ही नाहीशी होतात.

झाडांवर जास्त काही हाती लागते, पण सगळ्याच झाडांवर नाही. निलगिरी दरवर्षी साल टाकते. पेरूची साल पापुद्रे होऊन गळते. सावकाश वाढणाऱ्या जिवाला तिथे थाराच मिळत नाही. आंबा चांगला. त्याची साल खडबडीत असते, ओलावा धरते आणि झाड दीर्घकाळ उभे राहते. चिंच, वर्षावृक्ष आणि जुनी कडुनिंबाची झाडेही तपासण्यासारखी असतात. अशा झाडांवर पहिल्यांदा ओळखू येते ती पिक्सिनी कोकोएस. भारतातल्या बहुतेक शहरांत ती आढळते. राखाडी-पांढरी, सालीला घट्ट चिकटलेली, कडेला बारीक पुडीचे ठिपके असलेली ही चकती साध्या उजेडात फारशी उठून दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याचा झोत टाकला, तर ती झळझळीत पिवळी चमकते. हे काम वरच्या थरातल्या लायकेझँथोन या रसायनाचे. तिच्याशेजारी वाढणारी, जवळपास तशीच दिसणारी फायशिया अशी चमकत नाही. डोळ्यांनी दहा मिनिटे घोळ घालणारा प्रश्न दिव्याने क्षणात सुटतो.

शहरी बुंध्याचा खालचा मीटरभर भाग अभ्यासाला निरुपयोगी असतो. तिथे स्कूटर टेकलेल्या, जाहिराती चिकटवलेल्या आणि कुत्र्यांनी आपली हद्द आखलेली. त्यात गेरू आणि चुन्याचे पट्टे. रस्त्याच्या कडेची झाडे दरवर्षी रंगवली जातात आणि त्या रंगाखाली पन्नास वर्षांची शैवाके एका दुपारी संपतात. युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत १० बाय ५० सेंटिमीटरची पाच चौकटींची जाळी जमिनीपासून एक मीटर वर, बुंध्याच्या चारही दिशांना लावून नोंदी घेतात. पुण्यात तीच जाळी पुष्कळदा आणखी वर सरकवावी लागते, तरच नोंदण्यासारखे काही मिळते.

हवेच्या प्रदूषणाशी शैवाकांचा संबंध इथे सांगणे भाग आहे, पण त्याच्यावरून घाईने निष्कर्ष काढणारे लेखन पुष्कळ झाले आहे. हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० मध्ये इंग्लंडमधल्या सालींवरच्या शैवाकांवरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडची पातळी वाचण्याचे मापन दिले. ते ओल्या, थंड देशाचे मापन आहे. नगर रस्त्याच्या कडेचा एखादा बुंधा उघडा दिसला, तर कारण धूर असू शकते. ते झाड कोवळे असणे, साल कोरडी असणे, दुपारचे ऊन थेट पडणे किंवा मागच्या वर्षीचा चुना हेही असू शकते. कोरड्या हवामानात कोरडेपणा आणि धूर यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. म्हणून तुलना करायची तर झाडाची जात तीच, बुंध्याचा घेर जवळपास तोच, उजेड तसाच आणि फरक फक्त रस्त्यापासूनच्या अंतराचा, अशी झाडे निवडावी लागतात. अशी जोडी मिळवायला जाळी लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि हे काम करणाऱ्यांचा खरा अनुभव बहुतेक याच शोधाशोधीचा असतो. वाहतुकीच्या धुळीला आणि नत्रयुक्त वायूंना सोसणाऱ्या पिक्सिनी, फायशियासारख्या जाती मात्र शहरात टिकून राहतात. त्या शिशासारखे धातू अंगात साठवतात, त्यामुळे हवेतल्या धातूंचा माग काढायला उपयोगी पडतात.

पुण्यातून पश्चिमेला निघाले की खडकवासल्यापलीकडे चित्र पालटू लागते. सिंहगडाची उंची १,३०० मीटरच्या पुढे आहे. तिथली ढगाळ हवा शहरापेक्षा जास्त दिवस टिकते. पण उंचीचा आणि पावसाचा संबंध तोडून पाहायचा असेल तर पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्याइतकी चांगली जागा नाही. दोन्ही ठिकाणे तेराशे मीटरच्या आसपास, मधले अंतर जेमतेम वीस किलोमीटर. तरीही पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास, आणि खाली वाईला उतरले की तो पुण्याइतका खाली येतो. महाबळेश्वरात जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या बुटक्या, वाऱ्याने वाकलेल्या रानात फांदीफांदीवर शैवाके असतात. पानासारखी पार्मोट्रेमा, कडेला केसांसारखे तंतू असलेली हेटेरोडर्मिया, शेवाळाच्या गादीत लपलेली जेलीसारखी लेप्टोजियम आणि उघड्या फांद्यांवरून लोंबणारी अस्निया. पाचगणीकडे उतरताना ओलावा कमी होतो, तशी लोंबत्या जातींची गर्दी आधी ओसरते. घाटातल्या बसने येताना रस्त्याकडेच्या सिल्व्हर ओकवर नजर ठेवली, तर हा बदल खिडकीतूनही समजतो.

धुक्याचे महत्त्व यातून कळते. हिरव्या शैवलाची शैवाके नुसत्या ओल्या हवेवर, धुक्यावर किंवा दवावर जागी होऊन अन्न तयार करू शकतात. नील-हरित जीवाणू असलेल्या लेप्टोजियम, पेल्टुलासारख्या जातींना मात्र प्रत्यक्ष पाण्याचा थेंब लागतो. त्यामुळे घाटमाथ्याच्या कड्यावर, जिथे पावसाळ्यानंतरही सकाळी ढग येऊन भिडतो, तिथे पहिल्या प्रकारच्या जातींना वर्षातले कामाचे दिवस वाढवून मिळतात. कड्यापासून थोडे आत, तितक्याच पावसात पण धुके न पोचणाऱ्या जागी, ती चैन नसते. पावसाच्या नोंदी हवामान खात्याकडे मिळतात. धुक्याच्या मिळत नाहीत. धुक्याचा अंदाज शैवाकांवरूनच घ्यावा लागतो.

सदाहरित रानाच्या आत शिरले की उजेड कमी होतो आणि बुंध्यावरचा कारभार खपलीसारख्या जातींच्या हाती जातो. गुळगुळीत सालीवर बारीक काळ्या रेघोट्या ओढल्यासारखी ग्राफिस, सालीत रुतलेल्या सूक्ष्म खळ्यांची थेलोट्रेमाच्या कुळातली शैवाके, अशी त्यांची वस्ती. यांतल्या पुष्कळांचा शैवल जोडीदार ट्रेंटेपोलिया असतो. हाच शैवल एकटा वाढला की पावसाळी गावांतल्या भिंतींना आणि झाडांच्या खोडांना गंजासारखा नारिंगी थर देतो. थेलोट्रेमासारख्या जातींना तोड, वणवा आणि चराई सोसत नाही, म्हणून त्या जिथे भरपूर सापडतात ते रान बराच काळ अस्पर्श राहिले असे मानतात. अशा दमट रानात जिवंत पानांवरही शैवाके येतात. स्ट्रिग्युलासारख्या जातींना पान गळायच्या आत आयुष्य उरकावे लागते.

फांद्यांच्या शेंड्यावरच्या जाती खालून दिसत नाहीत. झाडावर चढणे सगळ्यांना जमत नाही आणि सगळीकडे परवडतही नाही. वादळात पडलेली फांदी म्हणून या कामात मोलाची असते: वरच्या उजेडात वाढलेली सगळी शैवाके तिच्यावर एका जागी मिळतात, झाडाला इजा न करता. दिवाळीनंतर रानवाटांवर पडलेल्या फांद्या तपासणे हा अनेकांचा ठरलेला क्रम असतो. भर पावसात गेले तर जळवा, ओले कागद आणि शेवाळाने झाकलेली साल एवढेच पदरी पडते. एप्रिल-मेमध्ये शैवाक इतके ठिसूळ होते की सुरी लावताच त्याचा चुरा होतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

सडे हा वेगळाच प्रकार. महाबळेश्वर, कास, आंबोली इथल्या जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यांवर पावसाळ्यात पाण्याचा थर उभा असतो आणि उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. फुलांसाठी कासला येणारी गर्दी सड्यावर उतरते तेव्हा पायाखाली नेमके हेच दगड असतात. खवल्यांच्या काळ्या शैवाकांचा चुरा झाला तर भरून यायला वर्षे जातात, पण ते कोणाच्या लक्षातही येत नाही. किनाऱ्यावर उतरले की पुन्हा नवी यादी सुरू होते. खाऱ्या वाऱ्यातल्या झाडांवर आणि खडकांवर चपट्या पट्ट्यांसारखी लोंबणारी रोसेला माँटाग्नी दिसते. हिच्याच नात्यातल्या जातींपासून पूर्वी लिटमसचा रंग काढत.

देवरायांची नोंद निराळी करायला हवी. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास पुढे आणला. मुळशी, वेल्हे, भोर भागातल्या देवरायांत जुने, जाड बुंध्यांचे वृक्ष टिकून आहेत. शैवाकांना जुने झाड आणि न बदलणारी सावली लागते. दोन्ही तिथे मिळतात. देवळाचा जीर्णोद्धार सुरू झाला की आधी भोवतालची ‘साफसफाई’ होते आणि ही जागा संपते.

गोळा केलेल्या नमुन्याची खरी ओळख टेबलावर पटते. सालीचा वरचा पापुद्रा तिरकस छिन्नीने उचलायचा, झाडाच्या आतल्या हिरव्या थराला न लागता. बेसाल्टवर हातोडी मारायची तर डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कपचे उडतात. प्रत्येक नमुना कागदी पुडीत जातो. प्लास्टिकमध्ये घातलेले ओले शैवाक दोन दिवसांत बुरसते. पुडीवर गाव, उंची, झाडाची जात, बुंध्यावरची दिशा आणि तारीख नसेल तर नमुना सुंदर असूनही निकामी. गावातल्या कोणी “काय मॅडम, साल कशाला खरवडताय?” असे विचारले, तर थांबून नीट सांगावे. देवराईतली जुनी झाडे कोणती, हे त्यांनाच माहीत असते.

ओळखीसाठी रसायनांचे थेंब वापरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काही जातींचा आतला पांढरा थर आधी पिवळा आणि मग लाल होतो. पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या आतल्या थरावर ब्लीचचा थेंब टाकला की लेकॅनोरिक आम्लामुळे तो लाल होतो. ग्राफिससाठी ब्लेडने पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके मोजावी लागतात. आयोडीन घातले की ती निळी-जांभळी होतात. पुण्यात हे काम ज्या संस्थेत रुजले ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, आताची आघारकर संशोधन संस्था. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या पार्मेलिया, ग्राफिस, ट्रायपेथेलियम अशा गटांवर काम उभे केले. संस्थेतल्या आजरेकर कवक संग्रहालयात त्यांचे नमुने जपले आहेत. येरवड्याच्या नदीपलीकडे कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ पासून आहे. लखनौला डी. डी. अवस्थी यांनी रचलेला पाया आणि पुण्याचा संग्रह एकत्र पाहिल्याशिवाय भारतीय शैवाकांवर गंभीरपणे लिहिता येत नाही.

पुणेकराच्या घरात शैवाक पोचते ते मात्र गोड्या मसाल्यातून. दगडफूल म्हणून भुसार दुकानात मिळणारा माल बराचसा हिमालयातून आणि दक्षिणेच्या डोंगरांतून येतो. मसाल्याची एक पुडी पांढऱ्या कागदावर पसरली तर तिच्यात पार्मोट्रेमाच्या एकाहून अधिक जाती, सालीचे तुकडे आणि कधी लोंबत्या शैवाकांचे धागेही निघतात. ब्लीचचा थेंब एका तुकड्यावर लाल होतो, शेजारच्यावर होत नाही. तेलात परतल्यावर वास मात्र सगळ्यांचा सारखाच चांगला. रानातून पोत्याने ओरबाडलेला हा माल पुन्हा उगवायला किती वर्षे लागतात, ते वाढीच्या वेगावरून कोणीही काढू शकेल.

बागायतदारांचा एक गैरसमज मात्र दूर होत नाही. आंब्याच्या बुंध्यावर शैवाक दिसले की रोग समजून ते खरवडतात किंवा बोर्डो मिश्रण मारतात. शैवाक बांडगूळ नाही. झाडातून ते काही घेत नाही, सालीवर फक्त बसते. म्हाताऱ्या, मंद वाढीच्या फांदीवर ते जास्त दिसते, म्हणून फांदी त्याच्यामुळे वाळली असा समज होतो. बोर्डो मिश्रणातले तांबे शैवाकांना मारते. फांदीचे मूळ दुखणे तसेच राहते.

नमुने गोळा करण्यासाठी संरक्षित जंगलात वनविभागाची परवानगी लागते आणि जैवविविधता कायदा, २००२ चे नियमही लागू होतात. शहरात त्याहून सोपी गोष्ट करता येते. येरवड्यात, विमाननगरला, कोठेही सोसायटीच्या आवारात जुना आंबा, चिंच किंवा वर्षावृक्ष असेल, तर दिवाळीच्या रंगरंगोटीत त्याच्या बुंध्याला गेरू-चुना लावू नये आणि त्यावर खिळे ठोकून दिव्यांच्या माळा बांधू नयेत. एवढे केले तरी पुढच्या वीस वर्षांत तिथे काय उगवते, ते पाहता येईल.